न वाजवलेला ठेका : बिल इव्हान्स त्रयीची दीड वर्षे

पियानो, डबल बास आणि ड्रम्स या तीन वाद्यांच्या मेळाला जॅझ संगीतात ‘पियानो त्रयी’ म्हणतात, आणि हा मेळ आज इतका रुळलेला आहे की तो जॅझच्या जन्मापासून असाच असावा, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात त्रयीचे हे रूप विसाव्या शतकाच्या मध्यावर स्थिरावले. नॅट किंग कोल यांनी १९३७ साली लॉस एंजेलिसमध्ये जी त्रयी उभी केली तिच्यात पियानो आणि बास यांच्या जोडीला गिटार होती. आर्ट टेटम यांनी १९४३ मध्ये तीच रचना स्वीकारली, आणि ऑस्कर पीटरसन यांच्या १९५० च्या दशकातल्या गाजलेल्या त्रयीतही रे ब्राउन यांच्या बासशेजारी हर्ब एलिस यांची गिटारच होती. गिटारवादक लय धरून ठेवत असल्यामुळे ड्रम्सवाचून अडत नसे. पुढे बीबॉप या वेगवान आणि गुंतागुंतीच्या शैलीने लयीचा सारा कारभार बदलला, आणि बड पॉवेल यांनी जानेवारी १९४७ मध्ये कर्ली रसेल यांचा बास व मॅक्स रोच यांचे ड्रम्स घेऊन जे ध्वनिमुद्रण केले त्यात आजच्या परिचयाची त्रयी स्पष्टपणे दिसू लागली.

या त्रयीत कामाची वाटणी पक्की होती. बासवादकाने प्रत्येक मात्रेवर एक, असे स्वर सलग वाजवीत राहायचे, आणि हे स्वर संथ पावलांनी चालल्यासारखे एकामागून एक येत असल्यामुळे या पद्धतीला ‘चालता बास’ असेच नाव पडले. ड्रम्सवादकाने मोठ्या झांजेवर त्याच मात्रांची नक्षी अखंड चालू ठेवायची. आणि या दोघांनी अंथरलेल्या लयीवर पियानोवादकाच्या उजव्या हाताने स्वरांच्या लांब ओळी रचायच्या. आळीपाळीने बासला आणि ड्रम्सला एकट्याने वाजवण्याची संधी मिळे, पण तेवढ्या वेळात बाकीचे दोघे मागे सरत किंवा थांबत. मराठी श्रोत्याला ही व्यवस्था परकी वाटण्याचे कारण नाही, कारण ख्यालाच्या मैफलीत तबलजीने सरळ ठेका धरून ठेवायचा आणि गायकाने त्यावर विस्तार करायचा, हा साथसंगतीचा करार जवळपास त्याच जातीचा आहे. हा करार मोडण्याची खरी तयारी बिल इव्हान्स, स्कॉट लाफारो आणि पॉल मोशन या तिघांच्या त्रयीने दाखवली. १९५९ च्या अखेरीपासून जुलै १९६१ पर्यंत, म्हणजे जेमतेम दीड वर्ष टिकलेल्या या मेळाने लय सांभाळण्याचा अर्थच बदलून टाकला, आणि हे त्यांनी जुन्या, सर्वांच्या ओठांवर असलेल्या गाण्यांच्या आधारे केले.

या गाण्यांना जॅझमध्ये ‘स्टँडर्ड’ म्हणतात. ब्रॉडवेच्या संगीत नाटकांतून आणि हॉलिवूडच्या चित्रपटांतून आलेली, वादकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी आपलीशी केलेली ही गीते बहुधा बत्तीस बारांची असतात. बार म्हणजे मात्रांचा एक गट, आणि चार मात्रांचा बार धरला तर एका फेरीत १२८ मात्रा होतात. या पूर्ण फेरीला ‘कोरस’ म्हणतात. वादक प्रथम मूळ चाल वाजवतात, मग चाल बाजूला ठेवून तिच्याखालची कॉर्डांची मालिका फेरीमागून फेरी घोळवीत नवीन स्वरवाक्ये रचतात आणि शेवटी मूळ चालीवर परततात. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचा समूह. बंदीश, आवर्तन आणि उपज हे आपल्या संगीतातले शब्द येथे वाट दाखवतात, पण थोड्याच अंतरापर्यंत, कारण रागाला एकच अचल षड्ज असतो, तर स्टँडर्डमध्ये कॉर्ड पालटते तसतसा पायाभूत स्वरच सरकत राहतो. तंबोरा जे काम स्थिर राहून करतो ते बासला सतत हलत राहून करावे लागते, आणि इव्हान्स त्रयीने जे साधले त्याचे मर्म नेमके या जागी आहे.

इव्हान्स यांचा जन्म १६ ऑगस्ट १९२९ रोजी न्यू जर्सी राज्यातल्या प्लेनफील्ड येथे झाला. लुइझियानातल्या महाविद्यालयात पाश्चात्त्य अभिजात पियानोचे शिक्षण, मग सैन्यातली तीन वर्षे आणि १९५५ मध्ये न्यू यॉर्क, असा त्यांचा मार्ग होता. रिव्हरसाइड या छोट्या कंपनीसाठी त्यांनी सप्टेंबर १९५६ मध्ये पहिली तबकडी केली, पण पहिल्या वर्षात तिच्या सुमारे ८०० प्रतीच खपल्या. एप्रिल १९५८ मध्ये ते माइल्स डेव्हिस यांच्या मेळात दाखल झाले, नोव्हेंबरमध्ये थकून बाहेर पडले, आणि १९५९ च्या मार्च-एप्रिलमध्ये ‘काइंड ऑफ ब्लू’ या ध्वनिमुद्रणासाठी पुन्हा बोलावले गेले. त्या तबकडीच्या वेष्टनावर इव्हान्स यांनीच टिपण लिहिले असून त्यात जॅझमधल्या उपजेची तुलना एका जपानी चित्रपद्धतीशी केली आहे, जिच्यात कागद इतका नाजूक असतो की कुंचला थांबला किंवा रेघ पुन्हा गिरवली तर कागदच फाटतो. ही तुलना त्यांच्या स्वतःच्या पुढच्या कामाला अधिक लागू पडते. येथे एक ऋणही नोंदवायला हवे. इव्हान्स त्रयीतले तिघेही गोरे होते, पण त्यांची भाषा आफ्रिकन-अमेरिकन वादकांनी घडवलेली होती; पॉवेल यांची वाक्यरचना, डेव्हिस यांची मितभाषी चाल, आणि शिकागोत जानेवारी १९५८ मध्ये पर्शिंग लाउंज येथे ध्वनिमुद्रित झालेल्या अहमद जमाल यांच्या त्रयीतला शांततेचा वापर, या तिन्हींवाचून ती त्रयी संभवत नाही.

स्कॉट लाफारो हे ३ एप्रिल १९३६ चे, म्हणजे इव्हान्स यांच्याहून जवळजवळ सात वर्षांनी लहान. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवणाऱ्या या तरुणाने डबल बास हाती घेतला तो महाविद्यालयात जाण्याच्या सुमारास, आणि सातेक वर्षांच्या आतच त्याने या वाद्याकडून काय अपेक्षावे याची कल्पना पालटवली. त्यांच्या आधी हे वाद्य मुके होते असे नाही. ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात १९३९ मध्ये आलेले जिमी ब्लँटन यांनी बासला गाता आवाज दिला होता, पण ते १९४२ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी वारले. लाफारो यांनी कॅलिफोर्नियात रेड मिचेल यांच्याकडून उजव्या हाताच्या दोन बोटांनी आळीपाळीने तार छेडण्याची रीत उचलली आणि तारा पटरीच्या अगदी जवळ आणल्या. तार उंच असली तर आवाज मोठा निघतो पण बोट जड पडते, आणि खाली आणली तर आवाज थोडा घटतो पण बोटे गिटारच्या चपळाईने धावतात. लाफारो यांनी चपळाई निवडली. त्यांचे वाद्य न्यू हॅम्पशायरमधले कारागीर अब्राहम प्रेस्कॉट यांनी १८२५ च्या सुमारास बनवलेले होते. या जुन्या लाकडातून ते चेलोच्या पट्टीत जाणाऱ्या उंच स्वरांपर्यंत पोचत, आणि तेथून पियानोच्या उजव्या हाताशी बरोबरीने बोलत.

पॉल मोशन यांचा जन्म २५ मार्च १९३१ रोजी फिलाडेल्फियात एका आर्मेनियन वंशाच्या कुटुंबात झाला. ते वाढले प्रॉव्हिडन्स शहरात. इव्हान्स यांच्या पहिल्या तबकडीवर ड्रम्स त्यांचेच होते. या त्रयीविषयी लिहिताना बहुतेक जण पियानो आणि बास यांच्या संवादावर थांबतात आणि मोशन यांच्या वाट्याला दोन ओळी येतात, हा अन्याय आहे. झांजेवरची अखंड नक्षी त्यांनी चालू ठेवली असती तर लाफारो यांना चालता बास सोडताच आला नसता, कारण एकाने ठेका धरला की दुसऱ्यालाही त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. मोशन बहुधा ब्रशने वाजवीत. ब्रश म्हणजे बारीक तारांचा पंख्यासारखा झुबका, जो ड्रमच्या कातड्यावर फिरवला की आघाताऐवजी सरसर उमटते. एखादी मात्रा ते दाखवीत, पुढच्या तीन मोकळ्या सोडीत, आणि वाक्य पूर्ण होते आहे असे वाटले की झांजेला हलका स्पर्श करीत. मात्रा तिघांच्याही मनात चालू असे, म्हणूनच ती उघडपणे मोजून दाखवण्याची गरज उरली नाही.

याच्या जोडीला इव्हान्स यांच्या डाव्या हाताची रीत समजून घ्यावी लागते. कॉर्डचा पायाभूत स्वर बास देणारच आहे, तेव्हा पियानोने तो वगळावा आणि कॉर्डचा रंग ठरवणारे वरचे स्वरच दाबावेत, ही युक्ती जमाल आणि रेड गार्लंड यांच्यासारख्यांच्या वादनात आधीच होती. इव्हान्स यांनी ती व्यवस्थित घडवली. तिचा परिणाम साध्या उदाहरणाने दिसतो. पियानोवर सा, ग, प, नी हे चार शुद्ध स्वर एकत्र दाबले आणि बासने खाली सा दिला तर उजळ, स्वस्थ कॉर्ड ऐकू येते. तेच चार स्वर तसेच ठेवून बासने खाली शुद्ध धैवत दिला तर सारा समूह क्षणात उदास छटेकडे झुकतो. म्हणजे पियानोवादकाने काय वाजवले याचा अर्थ बासवादक ठरवतो. चालत्या बासच्या काळात हा अधिकार नियमाने बांधलेला होता, कारण ठरलेल्या मात्रेवर ठरलेला पायाभूत स्वर येई. लाफारो तो स्वर कधी लांबवीत, कधी टाळीत, कधी त्याच्या जागी वरच्या सप्तकातले एखादे वाक्य ठेवीत, आणि इव्हान्स यांच्या पाया नसलेल्या कॉर्डा तेवढा वेळ अधांतरी राहत. त्रयीच्या वादनात जी तरंगती भावना श्रोत्याला जाणवते तिचे कारण हे आहे. गूढ तिच्यात काही नाही, आणि ते कळल्याने तिचे सौंदर्यही उणावत नाही.

त्रयीची पहिली तबकडी ‘पोर्ट्रेट इन जॅझ’ २८ डिसेंबर १९५९ रोजी न्यू यॉर्कमध्ये मुद्रित झाली. तिच्या वेळीच इव्हान्स यांनी आपला हेतू सांगून ठेवला होता : एकामागून एक पाळी घेण्याऐवजी तिघांनी एकाच वेळी उपज करावी, आणि बासवादकाला उत्तर द्यावेसे वाटले तर त्याने ठेका धरून का बसावे, हा त्यांचा प्रश्न होता. तबकडीतल्या ‘ऑटम लीव्ह्ज’ या गीतात त्याचे पहिले ठोस उत्तर मिळते. जोसेफ कोस्मा यांची ही चाल मूळची फ्रेंच. त्रयीने तिची ओळख करून दिल्यावर पियानो आणि बास तुकड्यातुकड्यांनी एकमेकांना प्रश्न करू लागतात, कोण साथीला आणि कोण मुख्य हे सांगता येत नाही, आणि मग अचानक चालता बास सुरू होऊन इव्हान्स सुसाट सुटतात. नवी रीत अजून पूर्ण मुरलेली नव्हती, म्हणून मोकळा भाग आणि ठेक्याचा भाग यांत जोड दिसतो. पण त्या जोडामुळेच दोन युगे एका गीतात शेजारी बसलेली ऐकायला मिळतात. याच तबकडीवर ‘काइंड ऑफ ब्लू’मधली ‘ब्लू इन ग्रीन’ ही रचना डेव्हिस आणि इव्हान्स या दोघांच्या नावावर आहे, जी आधी केवळ डेव्हिस यांच्या नावाने छापली गेली होती.

दुसरी तबकडी ‘एक्सप्लोरेशन्स’ व्हायला २ फेब्रुवारी १९६१ उजाडावा लागला. त्या दिवशी लाफारो यांचे प्रेस्कॉट वाद्य दुरुस्तीला गेलेले होते, ते दुसऱ्याच बासवर वाजवत होते, त्यांचा आणि इव्हान्स यांचा खटकाही उडाला होता, आणि इव्हान्स यांना काम फसले असे वाटत होते. तबकडी ऐकताना यातले काही जाणवत नाही. ‘नार्डिस’ या डेव्हिस यांच्या रचनेतला बास तर पुढच्या साऱ्या बासवादकांनी अभ्यासला आहे.

या त्रयीचे उरलेले सर्व महत्त्वाचे काम एका दिवसाचे आहे. न्यू यॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेज भागात सेव्हन्थ अॅव्हेन्यू साउथवर १७८ क्रमांकाच्या इमारतीच्या तळघरात ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ हा क्लब १९३५ पासून आहे. मॅक्स गॉर्डन यांनी तो चालवला. अरुंद जिना उतरून गेले की टोकाकडे निमुळती होत जाणारी छोटी त्रिकोणी खोली लागते, आणि त्या टोकाशीच वादकांची जागा आहे. सव्वाशेच्या आसपास माणसे तेथे बसू शकतात. त्रयी तेथे काही दिवस वाजवत होती. त्या मुक्कामाच्या अखेरच्या दिवशी, रविवारी २५ जून १९६१ रोजी, निर्माते ओरिन कीपन्यूज आणि ध्वनिमुद्रक डेव्ह जोन्स यंत्र घेऊन तेथे आले. यंत्र दोन पट्ट्यांचे होते, म्हणजे कोणत्या वाद्याचा आवाज किती ठेवायचा हे त्या क्षणीच ठरत होते आणि नंतर बदलता येणार नव्हते. दुपारी दोन आणि रात्री तीन अशा पाच फेऱ्या झाल्या. सुरुवातीलाच वीज खंडित झाल्यामुळे पहिल्या रचनेची फीत मध्येच तुटली. दिवसअखेर तेरा रचनांची बावीस वादने फितीवर उतरली होती.

या तेरांमध्ये स्टँडर्ड अधिक आणि स्वतःच्या रचना थोड्या आहेत, पण त्या थोड्या रचना स्टँडर्डच्या घडणीला जाणूनबुजून धक्का देतात. लाफारो यांची ‘ग्लोरियाज स्टेप’ बत्तीसऐवजी वीस बारांची आहे, आणि ते बार पाच, पाच आणि दहा असे मोडतात. चार-चारांच्या गटांची सवय लागलेल्या कानाला प्रत्येक वळण एक पाऊल आधी किंवा नंतर आल्यासारखे वाटते. इव्हान्स यांनी पुतणीसाठी लिहिलेली ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ तीन मात्रांच्या चालीत सुरू होते आणि मूळ चाल संपल्यावर चार मात्रांच्या लयीत शिरते. शिरण्याच्या त्या जागी तिघेही इतक्या सहजपणे वळतात की मात्रांची संख्या बदलली हे कानाला उशिराच कळते. उलट ‘माय फूलिश हार्ट’ हे १९४९ च्या चित्रपटातले गीत ते इतक्या विलंबित लयीत वाजवतात की उपजेला फारसा वावच राहत नाही. लाफारो यांच्यासारखा चपळ वादक तेथे मोजके, खोल, लांब स्वर देतो, मोशन यांची झांज श्वासासारखी येऊन जाते, आणि इव्हान्स मूळ चालीपासून दूरही जात नाहीत. तिघांचा संवाद म्हणजे तिघांनी सतत बोलणे, असा समज करून घेणाऱ्याने हे वादन आधी ऐकावे. कोणी कधी गप्प राहायचे हे न ठरवता जुळून येणे, हीच या त्रयीची सर्वांत अवघड कमाई होती.

फितीवर श्रोतेही आहेत. पेल्यांची किणकिण, हलकी कुजबुज, मध्येच एखादे हसू, आणि वादन संपल्यावर पडणाऱ्या तुरळक टाळ्या स्पष्ट ऐकू येतात. आपल्याकडच्या बैठकीत जाणकार जागेवर दाद देतात आणि गायकाला ती पुढे नेते. व्हॅनगार्डमधल्या त्या रविवारी तसे फारसे घडले नाही. वादक श्रोत्यांसाठी वाजवत होते, पण ऐकत होते ते मुख्यतः एकमेकांना. रात्रीच्या अखेरीस त्यांनी लाफारो यांची ‘जेड व्हिजन्स’ ही नऊ मात्रांच्या चालीची नवी रचना लागोपाठ दोनदा वाजवली. तिच्यात बासच्या दोन तारा एकत्र छेडलेल्या आहेत. सारे वादन त्या एका आंदोलनाभोवती फिरते, आणि विस्तार जवळजवळ नाहीच.

६ जुलै १९६१ च्या पहाटे, त्या ध्वनिमुद्रणानंतर अकराव्या दिवशी, न्यू यॉर्क राज्यातल्या जिनिव्हा या आपल्या गावाजवळ मोटार अपघातात लाफारो यांचा मृत्यू झाला. ते पंचवीस वर्षांचे होते. इव्हान्स यांनी कित्येक महिने जाहीर वादन केले नाही. कीपन्यूज यांच्यासह त्यांनी फिती पुन्हा ऐकल्या आणि पहिल्या तबकडीसाठी लाफारो यांचे वादन ठळक असणाऱ्या रचना निवडल्या. ‘संडे अॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ ही तबकडी ‘ग्लोरियाज स्टेप’ने उघडते आणि ‘जेड व्हिजन्स’ने मिटते. उरलेल्यांपैकी काही ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ या नावाने १९६२ मध्ये आल्या. या निवडीमुळे इतिहासाची एक दिशा ठरून गेली. स्मरणासाठी केलेली निवड पुढच्या पिढ्यांनी त्रयीचे संपूर्ण चित्र म्हणून वाचली, आणि तिच्यात बास जितका पुढे दिसतो तितका तो प्रत्येक वादनात होता असे मानले गेले. सगळी वादने क्रमाने २००५ मध्ये प्रकाशित झाल्यावर तोल अधिक नीट कळतो : दुपारच्या वादनात चाचपडणे आहे, एकाच गीताच्या दोन वादनांत बासची वाक्ये सर्वस्वी वेगळी आहेत, आणि जेथे बास मागे राहतो तेथेही संवाद तुटलेला नाही.

चक इस्रायल्स यांना घेऊन इव्हान्स यांनी १९६२ मध्ये पुन्हा त्रयी उभी केली, पुढे एडी गोमेझ अकरा वर्षे त्यांच्याबरोबर राहिले, आणि १५ सप्टेंबर १९८० रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, दीर्घ व्यसनाने पोखरलेल्या देहानिशी ते न्यू यॉर्कमध्ये वारले. १९८३ मध्ये कीथ जॅरेट, गॅरी पीकॉक आणि जॅक डिजॉनेट यांनी एकाच वेळी स्टँडर्ड गीतांच्या दोन तबकड्या आणि स्वरचित, मोकळ्या वादनाची तिसरी मुद्रित केली, तेव्हा ठेका मनात ठेवून वाजवण्याची रीत ही त्रयीची गृहीत भाषा झाली होती. अपघातात मोडलेला प्रेस्कॉट बासही पुढे दुरुस्त होऊन पुन्हा वाजता झाला.

पॉल मोशन या तिघांत सर्वांत दीर्घायुषी ठरले. त्यांनी पुढे स्वतःचे मेळ उभे केले, रचना लिहिल्या, आणि ठेका मोकळा सोडण्याचे काम पन्नास वर्षे इतके पुढे नेले की त्यांच्या हाती ड्रम्स हे मात्रा मोजण्याचे वाद्य राहिलेच नाही. अखेरच्या वर्षांत त्यांनी प्रवास सोडून दिला. नोव्हेंबर २०११ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते न्यू यॉर्कमध्येच वाजवत राहिले, आणि त्यांपैकी कितीतरी रात्री त्याच तळघरात, जिन्याखालच्या त्याच निमुळत्या टोकाशी गेल्या.